माळेगांवच्या यात्रेंत काय पाहावें

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला नांदेड जिल्ह्यांतील लोहा तालुक्यांत माळेगांव येथें खंडोबाची यात्रा सुरू होते आणि पुढें कांहीं दिवस चालते. इंग्रजी महिन्यांप्रमाणें हा काळ डिसेंबर किंवा जानेवारीचा असतो. नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या मार्गावरचें हें एरवींचें लहानसें गांव त्या दिवसांत एक मोठें नगरच होऊन बसतें. देवाची पालखी निघते, भंडाऱ्यानें आसमंत पिवळा होतो, 'येळकोट येळकोट जय मल्हार' हा घोष उठतो. आणि त्याच वेळीं माळावर घोडे, गाढवें, उंट, बैल व गाई यांचा दूरवर पसरलेला बाजार भरतो. नांदेड जिल्हा परिषदेच्या विद्यमानें पशुप्रदर्शन, फळें, भाजीपाला व धान्य यांचें प्रदर्शन, कुस्त्यांची दंगल आणि लावणीचा महोत्सव हेही कार्यक्रम होतात.

यात्रेचा हा मुहूर्त जसा धर्माचा आहे तसा व्यवहाराचाही आहे. मार्गशीर्षांत खरिपाचें पीक बहुतेक घरांत आलेलें असतें, कापसाची वेचणी चालू असते, रब्बीची ज्वारी शेतांत उभी असते. शेतकऱ्याच्या हातीं थोडा पैसा खेळत असतो आणि पुढल्या मशागतीसाठीं बैलजोडी घ्यावी कीं आहे ती विकावी, याचा विचार त्याला करावयाचा असतो. देवदर्शन व जनावरांचा बाजार हीं दोन्ही एकाच ठिकाणीं व एकाच वेळीं नांदलीं तीं यामुळेंच. पौष पौर्णिमेला जेजुरीस भरणारा गाढवांचा बाजार हें त्याच प्रथेचें दुसरें उदाहरण होय.

शहरांतून येणारें कुटुंब अशा यात्रेंत बहुधा दोन-तीन तास घालवितें. घोड्यांचीं छायाचित्रें घेतलीं जातात, पाळण्यांत बसणें होतें, खाऊ घेतला जातो आणि मंडळी परततात. यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु पुस्तकांतील दहा धड्यांनीं जें समजत नाहीं तें येथें एका सकाळीं डोळ्यांसमोर उभें असतें. मात्र काय पाहावें हें ठाऊक नसल्यास तें दिसत नाहीं. म्हणून पाहण्याचा एक क्रम मनाशीं ठरवून जाणें हिताचें.

प्रारंभ जनावरांपासून करावा, आणि तोही सकाळीं. कारण त्या वेळीं वैरण-पाणी चाललेलें असतें व मालक मोकळेपणानें बोलतात. गाय आणि घोडा हीं दोन जनावरें मुलांस शेजारीं शेजारीं दाखवावीं. दोन्ही गवत खातात. पण त्यांच्या शरीरांची रचना अगदीं निराळी आहे. गाईच्या वरच्या जबड्यांत पुढचे दांत नसतात. तेथें केवळ एक कठीण गादी असते. ती जिभेनें गवत ओढून घेते, घाईनें गिळते आणि मागाहून स्वस्थ बसून तेंच तोंडांत आणून चघळते. यालाच रवंथ म्हणतात. निरोगी गाय दिवसाचे सहा ते आठ तास रवंथ करते. तिच्या पोटाचे चार कप्पे असतात व त्यांतील पहिल्या प्रचंड कप्प्यांत असंख्य सूक्ष्म जीव राहतात. मनुष्याला न पचणारा कडबा गाईला पचतो तो या जीवांच्या साह्यानें. घोड्याला व गाढवाला वरचे-खालचे दोन्ही दांत असतात. तीं गवत कुरतडून, नीट चावून गिळतात, रवंथ करीत नाहींत. चाऱ्यावरचा मुरवणीचा सारा संस्कार त्यांच्या मोठ्या आंतड्यांत होतो. म्हणूनच घोड्याच्या लिदींत चाऱ्याचे धागे स्पष्ट दिसतात, तर शेण मऊ व एकजीव असतें. खुरांचेंही तसेंच आहे. बैलाचा खूर दुभंगलेला, घोड्याचा एकसंध. त्यामुळें घोड्याला एक अखंड नाल ठोकतात, तर बैलाच्या प्रत्येक खुराला दोन वेगळ्या पत्र्या माराव्या लागतात. बाजारांत नाल ठोकणारा भेटल्यास मुलांनीं त्याचें काम दोन घटका अवश्य पाहावें.

त्यानंतर खरेदी करणारा शेतकरी बैलाचें तोंड उघडून काय पाहतो, हें समजून घ्यावें. तो बैलाचें वय वाचीत असतो. वासराला खालच्या जबड्यांत आठ दुधाचे दांत असतात. ते मधल्या जोडीपासून क्रमानें पडतात व त्यांच्या जागीं मोठे, कायमचे दांत येतात. एकही कायमचा दांत न आलेलें जनावर अदंत. पुढें दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि आठही दांत आले म्हणजे तें जुळलेलें. दोन दाती जनावर सुमारे दोन-अडीच वर्षांचें आणि जुळलेलें जनावर साडेचार-पांच वर्षांचें किंवा त्याहून थोरलें, असा स्थूल हिशोब असतो. जुळल्यानंतरचें वय दांतांच्या झिजेवरून ओळखतात. जन्माचा दाखला नसलेल्या प्राण्याचें वय ठरविण्याची ही रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली असून पशुवैद्यही तिचाच आधार घेतात.

पशुप्रदर्शनांत विशेष लक्ष देण्यासारखा गोवंश म्हणजे लाल कंधारी. शेजारच्या कंधार गांवाच्या नांवावरून त्याला हें नांव पडलें. नांदेड व त्याला लागून असलेल्या जिल्ह्यांतील तालुके हें त्याचें मूळ क्षेत्र. संपूर्ण अंगाचा गडद तांबडा रंग, मध्यम बांधा आणि सारखीं वळलेलीं शिंगें या खुणांवरून तो चटकन् ओळखतां येतो. हा मुख्यतः कामाचा बैल. गाई दूध बेताचेंच देतात. दुसरा देवणी. लातूर जिल्ह्यांतील देवणी या गांवावरून त्याचें नांव आलें. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला शेवेरा, तोंडाच्या बाजू काळसर असलेला वानेरा व बहुतांशी पांढरा बालंक्या असे त्याचे तीन प्रकार मानतात. लोंबते कान व फुगीर कपाळ पाहून गीर गाईची आठवण व्हावी, असें त्याचें रूप असतें. देवणीचा बैल शेतांत चालतो आणि गाय दूधही बरें देते. म्हणून त्याला दुहेरी उपयोगाचा वंश म्हणतात. मुलांना प्रथम या दोन जातींची खूण सांगून मग 'आतां तुम्हीच ओळखा' असें म्हणावें. अर्ध्या तासांत तीं आईबापांपेक्षां अचूक ओळखूं लागतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

प्रदर्शनांतील परीक्षक केवळ देखणेंपणाला बक्षीस देत नाहींत. रंग व शिंगें वंशाला धरून आहेत काय, वशिंड भरदार आहे काय, पाठ सरळ आहे काय, चारी पाय चालतांना सरळ पडतात काय, गाईची कांस शरीराला घट्ट बांधलेली आहे काय, या गोष्टी ते पाहतात. त्यामागें कारण असतें. पाय वांकडा पडणारा बैल लवकर थकतो. लोंबती कांस जखमी होते. जनावराच्या सौंदर्याच्या कल्पना कामांतून जन्मलेल्या असतात, हें येथें उत्तम समजतें.

बाजारांतील सौद्याची पद्धतही पाहण्यासारखी असते. जनावरांच्या जुन्या बाजारांतून गिऱ्हाईक व विकणारा यांनीं उपरण्याखालीं एकमेकांचीं बोटें धरून भाव सांगण्याची चाल आहे. बोटांच्या खुणांनीं आंकडा ठरतो; भोंवतीं उभ्या असलेल्यांना तो कळत नाहीं. पहिला सौदा मोडला तरी दुसऱ्या गिऱ्हाइकासमोर विकणाऱ्याचा भाव उघडा पडत नाहीं, हा तिचा लाभ. पण ज्याला खुणा व चालू भाव नीट ठाऊक नाहींत अशा साध्या माणसाला दलाल सहज फसवूं शकतो, ही तिची उणीव. मोठ्या मुलांशीं या दोन्ही बाजूंची चर्चा करावी. बाजारभाव उघड असावा कीं गुप्त, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या ग्रंथांतही असाच मांडलेला असतो.

जनावरांकडून धान्याच्या प्रदर्शनाकडे वळावें. वरवर पाहतां हीं दोन दालनें निराळीं. वस्तुतः एकाचें कोडें दुसऱ्यांत सुटतें. प्रदर्शनांत ज्वारीचीं कणसें मांडलेलीं असतात. पाहणारा कणसाच्या भरीवपणाचें कौतुक करतो, पण शेतकऱ्याची दृष्टि ताटाकडेही असते. रब्बी ज्वारींत मालदांडी या वाणाचें नांव महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. सोलापूर जिल्ह्यांतील मोहोळ येथें स्थानिक मालदांडींतून निवडलेला 'मालदांडी ३५-१' हा वाण अनेक दशकें टिकून राहिला, तो केवळ भाकरीच्या चवीमुळें नव्हे. त्याचें ताट उंच असतें व कडबा भरपूर आणि गोड निघतो. धान्य माणसाला आणि कडबा बैलाला, असें तें दुहेरी पीक आहे. ठेंगणे संकरित वाण आले तेव्हां त्यांनीं धान्य अधिक दिलें. पण कडबा कमी पडला, म्हणून दावणीला जनावरें असलेला शेतकरी जुन्या वाणाला सहजासहजीं सोडीना.

आतां मराठवाड्याच्या खरिपांत ज्वारीची बरीचशी जागा सोयाबीननें घेतली आहे. सोयाबीनला बाजारांत रोख पैसा मिळतो, हें खरें. परंतु त्याच्या भुसकटाला कडब्याची सर नाहीं. कडबा कमी झाला कीं तो महाग होतो. महाग झाला कीं बैल सांभाळणें जड जातें. बैल काम करो वा न करो, त्याला बारा महिने चारापाणी लागतें. ट्रॅक्टर उभा असतांना डिझेल खात नाहीं. मग बैल विकला जातो. बैल गेला कीं शेणखत कमी होतें, आणि त्याची भरपाई विकतच्या खतानें करावी लागते. एका कणसाच्या ताटापासून निघालेली ही सांखळी माळावर दावें धरून उभ्या असलेल्या माणसापर्यंत येऊन पोंचते. हा संबंध मुलांच्या ध्यानीं आला, तर यात्रेला आल्याचें सार्थक झालें असें म्हणण्यास हरकत नाहीं.

कापसाच्या बोंडांतही अशीच एक गोष्ट दडलेली आहे. नांदेडचा परिसर पूर्वीं गावरानी जातीच्या देशी कापसासाठीं प्रसिद्ध होता. १९७० मध्यें सुरत येथील संशोधन केंद्रांतून 'एच-४' हा संकरित कापूस बाहेर पडला. व्यापारी प्रमाणावर लागवडीस आलेला तो जगांतील पहिला संकरित कापूस. पुढें नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रानें दिलेला 'एनएचएच ४४' हा वाणही दूरवर पसरला. २००२ मध्यें भारतांत बीटी कापसाला परवानगी मिळाली. मुलांच्या हातीं एक बोंड देऊन त्यांतील सरकी व रुई वेगळी करावयास सांगावी. सरकीला चिकटलेले तंतु सोडवितांना बोटें दुखूं लागलीं म्हणजे सरकी काढण्याच्या यंत्राचें महत्त्व निराळें सांगावें लागत नाहीं. वजनानें पाहतां कापसांत रुई केवळ सुमारे एकतृतीयांश असते. बाकी बहुतेक सरकी. त्या सरकीचें तेल निघतें आणि उरलेली पेंड दुभत्या जनावरांपुढें जाते. शहरांत सकाळीं दारांत येणाऱ्या दुधांत कापसाच्या शेताचाही वांटा असतो तो असा.

खंडोबाच्या यात्रेंत हळदीला विसरून चालणार नाहीं. यात्रेंत उधळला जाणारा भंडारा हळदीचाच, आणि शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांतील वसमतची हळद नांवाजलेली. हळद हें मूळ नसून जमिनींत वाढणारा कंद म्हणजे एक प्रकारचें खोडच होय. त्यावरील डोळे पाहिले कीं खात्री पटते. कंद काढल्यावर तो शिजवितात, उन्हांत वाळवितात व घासून चकचकीत करतात. शिजविल्यानें रंग सर्वत्र सारखा पसरतो व कंद लवकर वाळतो. घरीं परतल्यावर मुलांनीं चिमूटभर हळद पाण्यांत कालवून तींत किंचित् चुना मिसळावा. पिवळा रंग पाहतां पाहतां तांबडा होतो; त्यावर लिंबू पिळलें कीं पुन्हां पिवळा. हळदीपासून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर आधारलेली आहे. आम्ल आणि अल्क यांचा पहिला धडा प्रयोगशाळेवांचून शिकतां येतो.

फळांच्या दालनांत अर्धापूरकडील केळीचे घड असतील तर तेथेंही थांबावें. केळीचें झाड हें झाडच नव्हे. ज्याला खोड म्हणतात तीं एकावर एक गुंडाळलेलीं पानांचीं देठें असतात. खरा कंद जमिनींत राहतो. एकदां घड आला कीं तें खोड संपतें व बाजूच्या पिलांतून नवी केळ वाढते. खाण्याच्या केळ्यांत रुजणारें बीं नसल्यामुळें तिची लागवड कंदांनीं किंवा ऊतिसंवर्धनाच्या रोपांनींच करावी लागते.

या सर्वांच्या तळाशीं माती आणि पाणी हीं दोन आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं दख्खनवर पसरलेल्या लाव्हाच्या खडकापासून येथील काळी माती झाली. तिच्यांतील चिकणमाती ओली झाली कीं फुगते व वाळली कीं आकसते. उन्हाळ्यांत शेताला भेगा पडतात त्या यामुळें. पावसाळ्यांत मुरलेली ओल ती दीर्घकाळ धरून ठेवते, आणि त्या ओलीवरच रब्बीची ज्वारी हिंवाळाभर पोसते. पावसाचें मोजमाप मुलांना येथेंच समजवावें. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी. एका एकरावर सुमारे चार हजार लिटर. पंचवीस मिलीमीटरची एक चांगली सर चुकली, तर एकरामागें सुमारे एक लाख लिटर पाणी गेलें. वृत्तपत्रांतील पावसाचे आंकडे या हिशोबानें वाचले कीं ते कोरडे वाटत नाहींत. मराठवाड्यानें १९७२ चा दुष्काळ सोसला. २०१६ च्या एप्रिलमध्यें लातूरला मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें. अशा वर्षीं माणसाच्या आधीं दावणीच्या जनावराचा प्रश्न उभा राहतो. कारण माणूस गांव सोडून जाऊं शकतो, जनावराला चारा-छावणीपर्यंत न्यावें लागतें, नाहीं तर मिळेल त्या भावानें विकावें लागतें.

मातीपाण्याच्या या ताणाचा परिणाम गणनेंत उमटलेला आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतांतील देशी गोवंश सुमारे १४ कोटी २१ लाख होता; २०१२ च्या तुलनेनें तो सहा टक्क्यांनीं घटला. त्याच सात वर्षांत विदेशी व संकरित गाईबैलांची संख्या सुमारे २७ टक्क्यांनीं वाढली. संकरित गाय दूध अधिक देते, म्हणून शेतकऱ्यानें ती घेतली, यांत त्याला दोष देतां येत नाहीं. पण ती ऊन, गोचीड व चाऱ्याची टंचाई देशी गाईइतकी सोसत नाहीं. कोरड्या वर्षीं उपयोगी पडणारे गुण लाल कंधारीसारख्या वंशांत साठविलेले आहेत, आणि वंश एकदां नष्ट झाल्यावर ते गुण बाजारांत विकत मिळत नाहींत. गाढवांची स्थिति तर याहून बिकट आहे. २०१२ मध्यें देशांत सुमारे ३ लाख २० हजार गाढवें होतीं, तीं २०१९ मध्यें सुमारे १ लाख २० हजार उरलीं. माती, विटा व वाळू वाहणारीं यंत्रें आलीं आणि गाढवाची गरज सरली. पण त्यावर पोट असलेल्या कुटुंबांना दुसरें काम तितक्या वेगानें मिळालें नाहीं. यात्रेंतील गाढवांच्या बाजारांत शहरी मंडळी हंसत हंसत शिरतात. तेथें कोणाचा चरितार्थ पणाला लागला आहे, हें ठाऊक असल्यास तें हंसूं आपोआप ओसरेल.

मुलांना नेतांना कांहीं पथ्यें पाळावीं. घोड्याच्या किंवा गाढवाच्या मागून जाऊं नये. मालकाला विचारल्यावांचून कोणत्याही जनावराला हात लावूं नये व खाऊ देऊं नये. वासराजवळ जातांना गाईकडे लक्ष असावें. आजारी दिसणारें जनावर दुरूनच पाहावें आणि तेथील पशुवैद्यकीय पथकाला सांगावें. लाळ-खुरकूत हा रोग अशा गर्दींत झपाट्यानें पसरतो. लम्पी हा त्वचेचा रोग चावणाऱ्या किड्यांमार्फत पसरतो. माणसाला तो होत नाहीं. तरीही २०२२ मध्यें त्याच्या सांथीमुळें महाराष्ट्रांत जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते. लसीची नोंद व कानांतील बिल्ला यांची चौकशी कां होते, तें यावरून कळेल. घरीं परतल्यावर सर्वांनीं हातपाय साबणानें धुवावेत.

शेवटची गोष्ट संभाषणाची. 'केवढ्याला दिलें?' हा प्रश्न शहरी माणसाच्या तोंडीं प्रथम येतो. तो शेवटीं विचारावा. आधीं जनावराचें नांव विचारावें, तें घरच्या गाईचें कीं विकत घेतलेलें, यंदा कडबा किती झाला, पाऊस कसा झाला, हें विचारावें. वडीलधाऱ्या शेतकऱ्यास 'काका' किंवा 'दादा' म्हणून मुलांनीं स्वतः प्रश्न विचारावे आणि उत्तरें वहींत टिपून घ्यावीं. बहुतेक शेतकरी अशा वेळीं हातांतलें काम बाजूला ठेवून बोलतात. आपल्या जोडीचें कौतुक ऐकणारा भेटला, याचा त्यांना आनंद असतो. ज्यानें जोडी विकावयास आणली आहे त्याच्याशीं मात्र थोडें जपून बोलावें. बैल विकून रिकामें दावें हातीं घेऊन परतणाऱ्या माणसाला त्या संध्याकाळीं काय वाटत असेल, हें मुलांना सांगण्याची आवश्यकता नसते; तीं तें पाहतातच. परतीच्या वाटेवर तीं जे प्रश्न विचारतील त्यांना घाईनें उत्तर न देतां, वहींत लिहिलेलें पुन्हां एकदां त्यांच्याकडून वाचून घ्यावें.